बातमी घेऊन येणारी माणसं

॥ श्री ॥

मुक्काम देसेजवळ, इथिओपिया
१४ नोव्हेंबर १९८२

तीर्थरूप अप्पांच्या चरणी मल्लिकार्जुनचा साष्टांग शरणार्थ. वि. वि.

तुमच्या आशीर्वादाने सुखरूप आहे. हे पत्र तुम्ही दुकानात बसणाऱ्या झाडून सगळ्यांना वाचून दाखवणार हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढतोय.

अप्पा, मी कुठं येऊन पडलोय ते कसं सांगू! आपल्या निलंग्याकडं डोंगर म्हणजे बालाघाटाची ती बसकी रांग. इथं शाळेच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की जमीनच संपते. पुढं नुसती दरी. ढग खाली आणि माणूस वर. पहिल्या दिवशी हातात खडू धरून मी तसाच उभा राहिलो, तास सुरू झाल्याचं मुलांना येऊन सांगावं लागलं. आणि ती मुलं त्या दरीतून रोज चढून येतात! वह्या पाठीला बांधलेल्या, चपला झिजू नयेत म्हणून हातात. वर्गात मी शिरलो की सगळी उठून कमरेत वाकतात. त्यात काही बाप्ये माझ्याहून थोराड आहेत, एकाला तर तीन लेकरं आहेत. फळ्यावर हातानं वर्तुळ काढलं आणि ते बऱ्यापैकी गोल आलं, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला लाजल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं.

इथं अजून १९७५ साल चालू आहे. खोटं नाही, त्यांचं पंचांगच वेगळं. महिने तेरा. आपले सकाळचे सात वाजतात तेव्हा यांचा एक वाजतो, कारण घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजायचं. यात काही चूक आहे असं मला आता वाटेनासं झालंय. जेवणाची काळजी करू नका. आंबट घावनासारखी मोठी पोळी असते आणि तिच्यावर चक्क पिठलं. बुधवारी आणि शुक्रवारी सगळं गाव मांस आणि दूध सोडतं, त्या दिवशी माझी चैन असते.

घरमालकीण अल्माझबाई म्हणून आहेत, पन्नाशीच्या, विधवा. एकुलता एक मुलगा केबेदे, तो उत्तरेला लढाईवर आहे. माझ्या गळ्यातला लिंगाचा दोरा पाहून त्यांनी स्वतःच्या गळ्यातला दोरा दाखवला. इथल्या ख्रिस्ती माणसांनाही लहानपणीच गळ्यात दोरा बांधतात. तेव्हापासून मी त्यांच्या हिशेबी सज्जन माणूस झालो. रोज संध्याकाळी अंगणात हिरव्या बिया भाजून कॉफी करतात. तीन कप प्यायचे असतात, तिसरा न घेता उठलं तर अपमान. शेजारच्या खोलीत श्रीमंत आहे, अर्धापूरच्या किशनरावांचा मुलगा, इंग्रजी शिकवतो. त्याला घरची केळी आठवून रडू येतं, असं तो स्वतःच सांगतो.

अण्णांना आणि वैनींना नमस्कार. माया आहे तशीच पदरात असू द्या.

तुमचा,
मल्लिकार्जुन

---

॥ श्री ॥

निलंगा, जिल्हा लातूर
१८ डिसेंबर १९८२

चि. मल्लिकार्जुन यास वीरण्णाचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्र पावले. तू पाकिटावर जिल्हा उस्मानाबाद लिहिलेस, याचा दंड करीन. ऑगस्टपासून आपण लातूर जिल्ह्यात आहोत, विसरू नको. एवढ्यासाठी मी एस.टी.ने लातूरला जाऊन आलो. कलेक्टर कचेरीची नवी पाटी बघत उभा राहिलो, तर शिपायाने काय काम हाय म्हणून विचारले. म्हणालो, काम काही न्हाई, निजामाचे राज्य बघितले, आता हे बी बघून राहिलो. त्याने मला बसायला स्टूल दिले. चांगला पोरगा होता.

तुझे पत्र दुकानात रोज कुणी ना कुणी वाचायला लावते. व्यंकटी टपालवाल्याने तर दोनदा ऐकले. तिकडे अजून १९७५ असेल तर माझे गुडघे तिकडे पाठवून देतो, तेव्हा ते चांगले होते. ढग खाली असतात हे मात्र कुणाला पटेना. मी म्हणालो, माझा मल्लू खोटं लिहीत न्हाई.

इकडे पावसाने लई दगा दिला. विहिरीचा तळ दिसतो आहे. हापशाला रात्रीच घागरी लावून ठेवतात. माणसे रोजगार हमीवर खडी फोडायला जातात. आपले दुकान म्हणून आपले बरे चालले आहे, त्यात गर्व करण्यासारखे काही नाही.

एक विचारतो. तू आजारी पडलास तर तिथे तुझ्या उशाशी कोण बसेल? त्या अल्माझबाईला माझा शरणार्थ सांग. म्हणावे, म्हातारा निलंग्याला बसून हाय, पोराकडे तुम्ही ध्यान ठेवा. तिन्ही कप पीत जा.

तुझा,
अप्पा

---

निलंगा
२१ जानेवारी १९८३

श्री. श्रीमंतराव किशनराव यांस संगप्पाचा नमस्कार.

या कागदावर वर श्री लिहिलेला नाही, त्यावरून आपण समजला असाल. कळविण्यास फार दुःख होते की आमचे वडील वीरण्णा परवा लिंगैक्य झाले. कसे गेले ते कागदावर उतरत नाही.

आपली ओळख फक्त मल्लूच्या पत्रातून आहे, तरी आपल्यावर मोठे काम टाकतो आहे. मी त्याला पत्र किंवा तार केलेली नाही. कारण सांगतो. आमच्या आई, अव्वा, गेल्या तेव्हा तो औरंगाबादला वसतिगृहात होता. मी कार्ड टाकले. ते वाचून तो खोलीला कडी लावून बसला. जेवला नाही, कुणाशी बोलला नाही. शेजारच्या मुलाला संशय आला म्हणून दार फोडले. त्या दिवसापासून अप्पांनी मला बजावून ठेवले होते की, असली बातमी मल्लूला कागदावर धाडायची न्हाई, जवळ माणूस असल्याशिवाय त्याला सांगायचे न्हाई.

जवळचे माणूस म्हणजे तिथे आपणच. योग्य वेळ पाहून, जवळ बसून सांगावे. तोपर्यंत त्याची अप्पांच्या नावाने पत्रे येतच राहतील. ती मी उघडीन, पण त्यांना उत्तर काय लिहू, ते कळत नाही.

पत्र वाचून फाडून टाकावे. आपल्या घरचे माणूस समजून ओझे घातले, याचा राग नसावा.

संगप्पा

---

॥ श्री ॥

देसेजवळ
२० फेब्रुवारी १९८३

तीर्थरूप अप्पांस साष्टांग शरणार्थ. वि. वि.

बरेच दिवसांत तुमचं पत्र नाही. टपालाचा घोटाळा असणार. लातूरच्या नव्या कलेक्टरांना सांगून व्यंकटीची बदली करून टाका.

या आठवड्यात इथं काय चाललंय ते मला समजेनासं झालंय. अप्पा, ही माणसं मुळातच चांगली, पण सध्या त्यांच्या चांगुलपणाची मला भीती वाटायला लागलीय. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. रोज मागच्या बाकावर खसखस पिकवणारी मंडळी माझ्याकडे बघतात आणि मान खाली घालतात. परीक्षेचे पेपर मी उशिरा तपासले, तर हेडमास्तर म्हणाले की सावकाश होऊ द्या, आम्ही करू लागतो. पाववाल्या म्हाताऱ्यानं पावाचे पैसे घेतले नाहीत. रस्त्यात एक अनोळखी बाई थांबली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काही न बोलता निघून गेली.

तुमचा निरोप मी अल्माझबाईंना मागंच सांगितला होता. तेव्हा त्या खूप हसल्या होत्या आणि गुडघ्यांसाठी कुठलंसं झाडपाल्याचं तेल सांगितलं होतं. काल त्यांनी पुन्हा तुमच्याबद्दल विचारलं. तुम्ही कसे दिसता, काय खाता, दुकानात काय काय विकता, कुणाला ओरडता. मी तासभर बोलत राहिलो. त्या कॉफीच्या बिया भाजत होत्या, धूर डोळ्यांत जात होता, सारख्या पदरानं डोळे पुसत होत्या. श्रीमंत तर उठूनच गेला. त्याला तुमचं कौतुक ऐकून अर्धापूर आठवलं असणार.

इथंही पावसानं दगा दिलाय. पूर्वेकडच्या खालच्या मुलखातून माणसं जनावरं घेऊन वर यायला लागली आहेत. धान्य महागलंय. अशा वर्षात हे लोक एका परक्या मास्तराला एवढं जपतात. परक्या देशात एवढं प्रेम मिळेल असं तुम्हाला तरी वाटलं होतं का?

लवकर लिहा. तुमचा हात डोक्यावर आहे म्हणून सगळं आहे.

तुमचा,
मल्लू

---

देसेजवळ
२७ फेब्रुवारी १९८३

आदरणीय संगप्पाअण्णांना श्रीमंतचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही टाकलेलं काम झालं, पण ते मी केलं नाही. खरं तेच सांगतो.

तुमचं पत्र वाचून मी अंगणात आलो तेव्हा अल्माझबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. मल्लूला कळू देऊ नका, पेपर तपासून झाले की मी निवांत सांगणार आहे, असंही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की त्याच्या घरचं वडीलधारं इथं कोण आहे. मी म्हणालो, कुणीच नाही. त्या म्हणाल्या, असं कसं, आम्ही आहोत की.

त्यांनी शब्द पाळला, अण्णा. मल्लूला काही कळू दिलं नाही. पण बाकी सगळ्या गावाला सांगितलं! त्यांच्यात तसाच कायदा आहे. मृत्यूची बातमी ज्याची आहे त्याला सगळ्यात शेवटी कळते. आधी जवळच्यांना, मग शेजाऱ्यांना, आणि सगळे जमले की मग त्याला. एकट्या माणसानं एकट्या माणसाला ती सांगायची नाही. त्याला ते मर्दो म्हणतात. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मल्लूसारखाच मीही बघत राहिलो की सगळे असे का वागून राहिलेत.

परवा उजाडायच्या आधी दारावर थाप पडली. मी उघडलं तर अंगण भरलेलं. पांढऱ्या जाड पासोड्या पांघरलेली माणसं, काठी टेकणारे म्हातारे, हेडमास्तर, चर्चचे पाद्री, समोरच्या गल्लीतले मुसलमान दुकानदार, आणि आमची पोरं. ती दरीतून अंधारातच चढायला निघाली असणार. एवढी माणसं, आणि खोकल्याचासुद्धा आवाज नाही.

मल्लूनं नुकतीच लिंगपूजा केली होती, कपाळावर विभूती ओली होती. त्यानं दार उघडलं आणि सगळ्यांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. गल्लीतल्या सर्वांत थोर म्हाताऱ्यानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं, स्वतः बसला आणि सांगितलं. त्याबरोबर सगळं अंगण मोठ्यानं रडायला लागलं. अण्णा, तुमच्या अप्पांना जन्मात न पाहिलेली माणसं! एका बाईनं शोकाचं गाणं उचललं. इथं त्या गाण्यात गेलेल्या माणसाचं सगळं घालतात. विरान्ना, विरान्ना म्हणत तिनं समुद्रापलीकडून आलेला नमस्कार घातला, दुकान घातलं, दुखणारे गुडघेसुद्धा घातले. अल्माझबाईंनी आदल्या आठवड्यात एवढं विचारून घेतलं ते त्यासाठी होतं. गुडघे ऐकून मल्लू हसला आणि मग जो रडायला लागला तो थांबेना. त्याला दोन्ही बाजूंनी माणसांनी धरलेलं होतं.

त्यानंतर त्याला एक घटकाही एकटं सोडलं नाही. कुणी ना कुणी बसून असतं. घराघरातून ताटं येतात. या वर्षी धान्य किती जपून काढतात ते मी बघतोय, तरी ताट येतंच. तुमचं पत्र मी फाडून टाकलं. मल्लू जेवतो, झोपतो. फक्त तुमचं नाव काढलं की तोंड फिरवतो. त्याला राग आलाय, हे लपवत नाही.

तुमच्या घरचाच समजा आणि असेच हक्कानं सांगत जा.

श्रीमंत

---

देसेजवळ
९ मार्च १९८३

अण्णांना नमस्कार.

तुम्ही मला कळवलं नाही. अप्पा गेले आणि मी त्यांना थट्टेची पत्रं लिहीत बसलो. व्यंकटीची बदली करा म्हणून लिहिलं. ते पत्र उघडून वाचताना तुम्हाला काय वाटलं असेल ते मला माहीत नाही, आणि मला ते जाणूनही घ्यायचं नाही. इथल्या पाववाल्याला ठाऊक होतं, मला नव्हतं.

मला सगळं लिहून पाठवा. कधी, कुठं, शेवटी काय बोलले, माझं नाव काढलं का, माझ्या वाटणीची मूठभर माती कुणी टाकली. काही गाळू नका. आतापर्यंत पुष्कळ गाळलं आहे.

मल्लिकार्जुन

---

॥ श्री ॥

निलंगा, जिल्हा लातूर
११ एप्रिल १९८३

मल्लिकार्जुनभाऊजींना जगदेवीचा नमस्कार. वि. वि.

तुमच्या अण्णांऐवजी मी लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून ते रोज दुकान बंद केल्यावर कागद घेऊन बसतात. तीन ओळी होतात, मग फाडतात. काल मी म्हणाले की आधीच कागद महाग, आता मीच लिहिते.

तुम्ही रागावलात ते रास्तच आहे. तुमच्या जागी मी असते तर दोन पानं भरून रागावले असते. तुमचं फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हा व्यंकटी नेहमीसारखा ऐकायला थांबला होता. यांनी ते दुकानात वाचलंच, कारण अप्पा वाचायचे म्हणून. बदलीची ओळ आली तेव्हा व्यंकटीनं पिशवी खाली ठेवली आणि तिथंच बसकण मारली. यांनी शेवटपर्यंत वाचलं. आवाज मोडू दिला नाही. अप्पा गेल्यापासून हे रडलेले मी पाहिले नाहीत. आलेल्यांची बसायउठायची सोय, स्वामींना बोलावणं, पाहुण्यांचं जेवण, सगळं यांनीच केलं.

तुम्ही विचारलेलं मी सांगू शकते, मी तिथंच होते. पण ते सांगायचा हक्क यांचा आहे. एवढं एकच सांगते. शेवटच्या आंघोळीला पाणी पुरेल की नाही अशी चिंता होती, तर गल्लीतल्या प्रत्येक घरून एकेक घागर आली. हापशाला दिवसाआड पाणी येतंय, आणि घागरी दारात मावेनात. गंगम्मा म्हातारीनं तर पिण्याची आणली. मी नको म्हणाले, तर माझ्यावरच ओरडली. श्रीमंतरावांचं पत्र वाचलं तेव्हा मला त्या घागरी आठवल्या.

लग्नाचं मनावर घ्या असं एरवी लिहिलं असतं. या खेपेला सोडते. स्वतःला जपा. घरावर रोष धरू नका, एवढं माझं मागणं.

तुमची वैनी,
जगदेवी

मल्लू, राग गेला की लिही. घाई नाही. — संगप्पा

---

॥ श्री ॥

देसेजवळ
१२ जून १९८३

तीर्थरूप अण्णांस मल्लिकार्जुनचा साष्टांग शरणार्थ. वि. वि.

तीन महिने लिहिलं नाही. आज एक सांगायला बसलोय.

केबेदे गेला. अल्माझबाईंचा मुलगा. पाय जखमी होऊन परत आलेल्या एका शिपायानं बातमी आणली आणि ती आधी थोरल्या म्हाताऱ्याकडं गेली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं. बाईंची बहीण लांबच्या गावाहून यायची होती, ती येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं. मग ते म्हणाले की बातमी सांगायला जाताना रांगेत तुम्ही पुढं उभं राहायचं आहे, म्हाताऱ्याच्या शेजारी. मी म्हणालो, मी परका माणूस. ते म्हणाले, तुम्ही तिच्या घरात राहता, तिनं तुमच्या वडिलांसाठी गाव जमवलं, परके कसे? अण्णा, एवढा मान मला आजवर कुणी दिलेला नाही आणि एवढी भीतीही मला कधी वाटलेली नाही.

बहीण येईपर्यंत रोज संध्याकाळी मी अंगणात बाईंच्या समोर बसलो. त्या बिया भाजत होत्या. केबेदेसाठी कापूस कातून ठेवला आहे, त्याची पासोडी विणायला देणार, असं सांगत होत्या. मुलगी कुठली बघावी, तुमच्याकडं कशी बघतात, असं विचारत होत्या. मी उत्तरं देत होतो. मी गप्प झालो की बरं नाही का म्हणून कपाळाला हात लावायच्या. तिसरा कप घेतल्याशिवाय उठता येत नाही. तो मी घेतला. हसलोसुद्धा. खोलीत येऊन श्रीमंतच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. त्यानं एवढंच सांगितलं की फेब्रुवारीत त्या बाई तुला पाहून स्वयंपाकघरात जाऊन असंच करत होत्या.

आज पहाटे आम्ही गेलो. मी पासोडी पांघरली होती. काय बोलायचं ती वाक्यं त्यांच्या भाषेत घोकून ठेवली होती, चुकू नये म्हणून रात्रभर म्हणत होतो. त्यांनी दार उघडलं. रांगेवरून नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मला काही बोलावंच लागलं नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि मला हात धरून शेजारी ओढलं. मग बाकीचे सगळे भोवती बसले. दिवसभर मी तिथून हललो नाही. मधे एकदा त्यांनी विचारलं की काल कॉफी पिताना तुला ठाऊक होतं ना. मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अण्णा, ज्या बाईचा एकुलता एक मुलगा गेला ती मला समजावत होती. माणूस एवढा मोठा असू शकतो हे मी कुठल्याही शाळेत शिकलो नव्हतो.

मी इथं बातमी थोडे दिवस सांभाळली, तर माझी ही गत झाली. तुम्ही तिकडं महिनाभर सांभाळली, आणि वरून माझी पत्रं वाचली, व्यंकटीच्या देखत, आवाज न मोडता. इथं माझ्याजवळ सगळं गाव बसलं होतं. तुमच्याजवळ कोण बसलं होतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

माझा राग गेला, अण्णा. जुलैत शाळेला सुट्टी लागते, मी येतोय. मार्चमध्ये मी तुम्हाला अप्पांचं सगळं लिहून पाठवा म्हणालो होतो. ते लिहू नका. एक ओळही लिहू नका. मी आलो की दोघं जवळ बसू, वैनींनाही बसवू, आणि मग तुम्ही मला सांगा.

तोवर धीर धरा, मी निघालोच आहे.

तुमचा धाकटा,
मल्लू